काकांच्या जेवणाची वेळ

आमच्या काकांना मधुमेह नव्हता, तरी त्या रोगाचा त्यांना फार अभिमान होता. रोग काकूंचा होता. पण तेव्हाच्या धारवाडात इन्शुलिनची सुई घरात येणं ही मोटार येण्याच्या खालोखाल मानाची गोष्ट समजली जाई, आणि काकांच्या वकिलीकडे बघता मोटार येण्याची शक्यता नव्हती. तेव्हा त्यांनी सुईवर समाधान मानलं. औषधाची बाटली मुंबईहून रेल्वेने बर्फात येई. ती ओल्या वाळूच्या मडक्यात, देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवत. कुणी पाहुणे आले की काका मडक्यावरची ताटली उचलून ती दाखवत. मी त्या वेळी शाळेत शिकवत होतो, लग्न व्हायचं होतं आणि काकांच्या घरी राहत होतो. त्यामुळे ही बाटली मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आजही डोळे मिटून तिच्यावरचा कागद कुठे फाटला होता ते सांगू शकेन.

ही सुई सुरू करणारे डॉक्टर हुबळीचे. विलायतेला जाऊन आले होते. त्यांचा दवाखाना लॅमिंग्टन रोडपासून जवळ होता, आणि त्यांची कीर्ती एका वाक्यावर उभी होती. ते वाक्य ते प्रत्येकाला ऐकवत. "मी रोगाला औषध देत नाही, माणसाला देतो." म्हणजे दुसरे डॉक्टर बाटली भरून देत आणि पुढच्याला बोलावत, तर हे समोरच्याला बसवून घेऊन, त्याची राहणी, स्वभाव, झोप, वाचन यांची चौकशी करून खास त्याच्यापुरता सल्ला देत. कल्पना उत्तम होती. त्या कल्पनेबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही.

पण धारवाडच्या वकिलांनी तिचं काय केलं ते पाहायला हवं होतं. दुपारी कोर्टाच्या बाररूममध्ये हे खास सल्ले पदकांसारखे बाहेर निघत. एकाला बटाटा वर्ज्य होता, "माझ्या प्रकृतीची ठेवणच तशी आहे म्हणतात." दुसऱ्याला ताक चालत होतं, पण उन्हं उतरल्यावर. तिसऱ्याला डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं आणि तो ते असं सांगे, की जणू डावी कूस सरकारने त्याच्या नावावर करून दिली आहे. एका बिचाऱ्या वकिलाला डॉक्टरांनी नुसतं खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं. त्याला इतका अपमान वाटला, की तो पुढच्या आठवड्यात पोटाची तक्रार घेऊन पुन्हा गेला आणि पपईचा सल्ला घेऊन आला, तेव्हा कुठे त्याला बाररूममध्ये नीट बसता आलं.

मी एकदा काकांबरोबर त्या दवाखान्यात गेलो होतो. आमच्या आधी हुबळीचा एक मिरचीचा व्यापारी बसला होता. छातीत जळजळ होते म्हणत होता. डॉक्टर त्याच्याशी चांगल्या घरगुती कानडीत बोलले, आणि फार थोडं बोलले. "खारा कडिमी माड्री," म्हणाले. तिखट कमी करा.

"मिरचीचा व्यापार आपला, साहेब," तो कानडीत म्हणाला. "गोदामात श्वास घेतला तरी तिखटच जातं की आत. ते कसं कमी करू री?"

"जेवणातलं कमी करा," डॉक्टर म्हणाले आणि घंटी वाजवली. त्या माणसाची राहणी, स्वभाव आणि वाचन यांची चौकशी झाली नाही. मग आम्ही आत गेलो. काकांना बघताच डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले आणि इंग्रजी सुरू झालं. ते अर्धा तास चाललं. काकांना तेव्हा झालं होतं ते नुसतं पडसं.

काकूंच्या रोगाचं निदान झालं ते याच डॉक्टरांकडून. काकूंना सारखी तहान लागे, पायाला मुंग्या येत, आणि जखम झाली की भरत नसे. काकांनी डॉक्टरांना धारवाडला बोलावलं. एका रविवारी त्यांची मोटार दारात उभी राहिली. तिचा आवाज आमच्या आळीला लांबूनच ऐकू आला होता, त्यामुळे त्या दिवशी आमच्या दारावरून जाण्याचं काम बऱ्याच लोकांना निघालं.

तो सोहळा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. काकू माजघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी जीभ दाखवली, हात पुढे केला, पाय दाखवले. डॉक्टरांनी नाडी पाहिली. लघवीची तपासणी त्यांच्या कंपाउंडरने आधीच केली होती. मग डॉक्टर म्हणाले, "थँक यू," आणि काकू दाराच्या आड गेल्या. त्यांचं काम संपलं होतं. पुढचं सगळं बाहेरच्या खोलीत, डॉक्टर आणि काका यांच्यात, इंग्रजीत झालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टरांची मातृभाषा कानडी. काकू गदगच्या, लहानपणापासून कानडीत वाढलेल्या. भाजीवालीशी भांडताना आणि एकटीनेच हिशेब करताना त्या कानडीतच बोलत. काका रोज कोर्टात कानडीत साक्षीदारांना घाम फोडत. म्हणजे त्या घरात त्या दिवशी असा एकही माणूस नव्हता, ज्याला कानडी येत नव्हती. पण दोन शिकलेले गृहस्थ एकमेकांशी कानडी बोलतात कसे? तेव्हा काकूंच्या दुखण्याची माहिती आधी इंग्रजीत काकांकडे गेली, काकांनी तिच्यातलं त्यांना योग्य वाटलं ते ठेवून घेतलं, आणि उरलेलं मराठीत करून दाराआड पाठवलं.

डॉक्टरांनी राहणीची चौकशी केली. "घरातलं वातावरण कसं असतं?"

"अत्यंत नियमित," काका म्हणाले.

"जेवण?"

"दहाला. घड्याळ लावून घ्यावं. बारा महिने तेरा काळ ठीक दहा."

"उत्तम!" डॉक्टरांनी आनंदाने मान डोलावली. "मग साडेनऊला सुई. सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवण पोटात गेलंच पाहिजे. ते चुकलं तर धोका आहे."

"चुकण्याचा प्रश्नच नाही," काका म्हणाले.

खरोखरच प्रश्न नव्हता. काका रोज ठीक दहाला जेवत आणि कोर्टाला जात. मीही त्यांच्या शेजारच्या पाटावर बसून जेवत असे आणि शाळेला जात असे. आमच्या घरात दहाला जेवण होतं, हे वाक्य इतकं खरं होतं, की ते कुणाचं जेवण हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मीही तिथे बसलो होतो, आणि मलाही वाटलं नाही.

मग डॉक्टरांनी खोलीकडे नजर टाकली. कोपऱ्यात काकांची आरामखुर्ची होती, भिंतीला त्यांची चांदीच्या मुठीची काठी टेकलेली होती आणि मेजावर ग्रामोफोन होता. त्यावरून डॉक्टरांनी काकूंच्या प्रकृतीला अगदी जुळेल असा सल्ला तयार केला. जेवणानंतर थोडी विश्रांती, पाठ टेकून. संध्याकाळी कॉलेजच्या चढापर्यंत फिरणं, चढ हळू चढायचा. रात्री थोडं सौम्य संगीत. "हे मी सर्वांना सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे तुमच्या घरासाठी आहे."

काका भारावून गेले. डॉक्टर गेल्यावर त्यांनी माजघराच्या दाराशी जाऊन काकूंना सगळं मराठीत सांगितलं. विश्रांती, फिरणं, संगीत, भात कमी, साखर बंद. अर्ध्या तासाचं त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांच्या मते आपल्याकडे आधीपासूनच होतं.

"मी फिरायला जाऊ कॉलेजच्या चढाला?" काकूंनी विचारलं.

"ते बघू," काका म्हणाले.

ते असं बघितलं गेलं, की फिरायला काका जाऊ लागले. एकट्या बाईने चढ चढणं बरं दिसत नव्हतं, आणि काकूंना बरोबर घेऊन चढणं काकांना बरं दिसत नव्हतं. ग्रामोफोन काका ऐकत. आरामखुर्ची काकांचीच होती. थोडक्यात, काकूंचं पथ्य काका मोठ्या निष्ठेने पाळत होते, आणि दोन महिन्यांत त्यांची प्रकृती दिसण्यासारखी सुधारली. बाररूममध्ये लोक म्हणू लागले, "काय हो, तब्येत काय केलीत!" काका सांगत, "डॉक्टरांचा सल्ला. खास आमच्यासाठी."

सुई मात्र काकूंना टोचली जाई.

ती देणारा कंपाउंडर धारवाडातलाच, ख्रिस्ती, डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला. त्याने डॉक्टरांची विद्या किती घेतली होती ते ठाऊक नाही, पण मान वाकडी करून "हं" म्हणण्याची लकब संपूर्ण घेतली होती. तो मागच्या पडवीत येई, स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवून लघवीची तपासणी करी, तिचा रंग बघून "हं" म्हणे, सुई देई आणि जाई. रंग निळा असला तर उत्तम, मग हिरवा, पिवळा, आणि विटेसारखा झाला की साखर फार. हा रंग तो जाताना काकांना सांगे, आणि काका तो कोर्टात सांगत. कुळकर्णीपणाच्या दाव्यात गुंतलेले, माझ्या काकूंना जन्मात न पाहिलेले लोक चहा पिता पिता विचारत, "मग, आज काय? विटकरी?" आणि काका मोठ्या गांभीर्याने म्हणत, "पिवळ्यावर आलं आहे."

कंपाउंडर पडवीत यायचं कारण सोवळं. आमच्या स्वयंपाकघरावर काकांच्या थोरल्या बहिणीचं राज्य होतं. त्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांना सुईबद्दल तक्रार नव्हती. सुई विलायतेची असली तरी तिचं पाणी पोटात जात नाही, कातडीत जातं, असा त्यांनी निर्णय दिला होता. पण कंपाउंडरचा हात दंडाला लागतो, हे त्यांना दिसत होतं. तेव्हा सुई घेतली की काकूंनी आडावर जाऊन पुन्हा स्नान करायचं, सोवळं नेसायचं, मगच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा. तोवर अक्का आम्हा पुरुषांना वाढून घेत. मग काकू आत येत, उष्टी काढत, चूल सारवत, गाईचा घास देत, अक्कांचा जप संपण्याची वाट बघत, आणि दीड-दोनच्या सुमारास दोघी पान मांडून बसत. पहाटेपासून काकूंच्या पोटात काही नसे. सोमवारी तर दिवे लागेपर्यंत नसे, कारण सोमवारचा उपास त्या लग्नापासून करत होत्या.

हे सगळं मी आज असं ओळीने लिहू शकतो. तेव्हा मी दहाला जेवून शाळेत जात होतो.

काही दिवसांनी घरात कुजबुज सुरू झाली, की काकूंचं काही ठीक नाही. बाराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटे, हात कापत, आणि त्या भलतंच बोलू लागत. भलतं म्हणजे, एकदा त्या अक्कांना म्हणाल्या, "तुमचा जप संपत नाही की देवच उठू देत नाही?" लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेल्या, कधी वर मान करून न बोललेल्या बाईच्या तोंडून हे निघालं म्हटल्यावर घर हादरलं. एका सोमवारी त्या देवघरासमोरच कलंडल्या. अक्कांनी पळत जाऊन महादेवाच्या पूजेचं पंचामृत त्यांच्या तोंडात घातलं. पंचामृतात मध होता, साखर होती. थोड्या वेळात काकूंनी डोळे उघडले.

"बघितलंस?" अक्का काकांना म्हणाल्या. "सोमवारच्या उपासाचंच फळ आहे हे. त्यानेच उठवलं तिला. आता प्रदोषही धरायला हवा."

काकांनी अर्थात देवावर विसंबून न राहता विज्ञानालाही कळवलं. पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, की पत्नीचा स्वभाव अलीकडे चिडचिडा झाला आहे. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघत ऐकलं. मग म्हणाले, हे मज्जातंतूंचं आहे. काही स्त्रियांत असतं. थंड पाण्याने स्नान, हलकी करमणूक, चिंता कमी. आणि सकाळच्या तपासणीत रंग अजून पिवळाच येत होता, म्हणून सुईतलं औषध त्यांनी वाढवलं.

औषध वाढल्यावर काकू आडावर पडल्या.

तो सुटीचा दिवस होता आणि मी घरी होतो. सुई होऊन गेली होती. काकू दुसऱ्या स्नानासाठी पाणी शेंदत होत्या. पोहरा दगडावर आपटल्याचा आवाज आला म्हणून मी मागे गेलो, तर त्या आडाच्या कठड्याला कपाळ लावून पडल्या होत्या. एक हात कठड्याच्या आत लोंबत होता. कपाळातून रक्त येत होतं आणि सगळं अंग घामाने ओलं होतं, अजून स्नान झालं नव्हतं तरी. दोन वीत पुढे पडल्या असत्या तर आत गेल्या असत्या.

मी ओरडलो. अक्का आल्या. त्यांनी मला बाजूला सारलं, काकूंचं डोकं मांडीवर घेतलं आणि पंचामृताची वाटी आणायला सांगितली. पंचामृत नव्हतं, सोमवार नव्हता. मग गूळ पाण्यात कालवून पाजला. काकूंनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज लवकर आलं."

दुपारी त्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळाला हळदीचा लेप. मी जवळ जाऊन विचारलं, "काकू, हे नेमकं काय होतं तुम्हाला?"

"आधी पोट पोकळ झाल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या. "मग हात कापतात. मग समोरचं दिसतं, पण लांब गेल्यासारखं. आणि राग येतो. एवढा राग कुठे ठेवला होता कोण जाणे. पोटात काही गेलं की जातं."

"हे रोज होतं?"

"महिन्यातले चार दिवस होत नाही."

त्या काय म्हणताहेत ते कळायला मला वेळ लागला, आणि कळल्यावर कुठे बघावं ते कळेना. त्या मात्र सरळ बोलत होत्या. "बाजूला बसते तेव्हा. तेव्हा सुई झाली की स्नान नाही, उष्टी नाहीत, चूल नाही. पुन्हा पुन्हा वाढायला यायला नको म्हणून अक्का तुमच्या पानांबरोबरच माझंही पान दुरून सरकवतात. दहाला जेवते मी. त्या चार दिवसांत एकदाही हात कापलेला नाही."

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, डॉक्टरांना विचारतो. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, जेवण वेळेवर असतं ना? ते म्हणाले, ठीक दहाला." त्यांनी कपाळावरचा लेप बोटाने चाचपला. "खोटं कुठे बोलले?"

"या खेपेला मी सांगतो डॉक्टरांना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नको," म्हणाल्या. "आणखी एक वकील नको."

डॉक्टर पुढच्या रविवारी आले. मोटार, आळीतली गर्दी, सगळं पहिल्यासारखं झालं. काकूंनी उंबऱ्याशी येऊन जीभ दाखवली, कपाळ दाखवलं आणि दाराआड गेल्या. डॉक्टर खुर्चीत बसले. काकांनी आडाजवळचा प्रसंग चांगला रंगवून सांगितला. डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, मज्जातंतूंचा जोर वाढला आहे. औषधही थोडं वाढवावं लागेल, कारण रंग अजून निळा झालेला नाही. "जेवण मात्र वेळेवर आहे ना?"

"ठीक दहा," काका म्हणाले.

"डॉक्टर्रे," दाराआडून आवाज आला, "हत्तु गंटे ऊटा अवरदु री. नंदल्ल."

दहाचं जेवण त्यांचं आहे. माझं नव्हे.

खोलीत असं काही झालं, की जणू ग्रामोफोन आपोआप सुरू झाला आहे. काका अर्धवट उठले. "अगं," ते म्हणाले. काकू थांबल्या नाहीत. कानडीतच, न चाचरता, भाजीवालीशी दर ठरवावा तशा सुरात त्यांनी सगळं सांगितलं. सुई साडेनऊला. मग स्नान. मग उष्टी. मग अक्कांचा जप. जेवण दोनला. सोमवारी दिव्याला. आणि शेवटी चार दिवसांचंही सांगितलं. काकांनी इतका वेळ डॉक्टरांकडे बघून जे सुसंस्कृत हसू धरून ठेवलं होतं, ते चार दिवसांच्या उल्लेखाबरोबर गळून पडलं. अक्का मागच्या दारातून आत आल्या होत्या. त्या तिथेच खाली बसल्या.

आता डॉक्टर काय करतात याची मला उत्सुकता होती. सबंध दुखण्याचा उलगडा त्यांच्या मातृभाषेत, तीन हातांवरून, त्यांच्या कानावर पडला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्यांना ते समजलं आहे. ते पांढरे पडले होते. औषध आपण कुणाच्या जेवणावर मोजत होतो हे त्यांना कळलं होतं, आणि आणखी वाढवलं असतं तर काय झालं असतं हेही. मला वाटलं, हा माणूस आता दाराकडे वळून दोन शब्द बोलेल.

डॉक्टरांनी घसा साफ केला. ते काकांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "कृपा करून बाईंना सांगा, की सुईनंतर अर्ध्या तासात जेवण झालं पाहिजे."

काका दाराकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सुईनंतर अर्ध्या तासात जेवायला पाहिजे."

"मीही तेच म्हणते," काकू म्हणाल्या. या वेळी मराठीत.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "ही केस वेगळी आहे," ते काकांना म्हणाले. "इथे सर्वसाधारण नियम चालायचे नाहीत. मी खास योजना करून देतो." आणि त्यांनी औषध पहिल्या मापावर उतरवलं आणि लिहिलं, की जेवण दहाला व्हावं. या खास योजनेबद्दल काकांनी त्यांचे आभार मानले. मोटार गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. कंपाउंडर आला, रंग बघितला, "हं" म्हणाला, सुई देऊन गेला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"स्नान करून ये."

"नंतर करीन," काकू म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत. पडवीच्या त्याच कोपऱ्यात, जिथे महिन्यातून चार दिवस बसत, तिथे त्यांनी मांडी घातली. "मला शिवलेलं आहे. आत येत नाही. पान इथे सरकवा."

"अगं, आज सोमवार!"

काकूंनी आतल्या खोलीकडे तोंड केलं. काका पाटावर बसून पहिला भात कालवत होते. "अहो," त्यांनी हाक मारली. "माझं फिरणं तुम्ही करता, गाणं तुम्ही ऐकता, विश्रांतीही तुम्हीच घेता. तर आता सोमवारही तुम्हीच धरा."

मी पानाकडे बघत राहिलो. हसू आलं असतं तर ते माझ्या नोकरीपेक्षा महाग पडलं असतं, कारण घर काकांचं होतं. काका म्हणणार होते की हे काय बोलणं, पण त्यांच्या आधी अक्का बोलल्या. या भावाने आयुष्यात एक एकादशी केली नव्हती, आणि त्याचं शल्य त्या तीस वर्षं बाळगून होत्या. बायकोचं व्रत नवऱ्याने पूर्ण केलं तर ते पोचतं की नाही, यावर त्यांनी फार तर दोन क्षण विचार केला असेल.

"चालतं," अक्का म्हणाल्या. "ऊठ रे तू पानावरून."

आणि काकांपुढचं ते पान, कालवलेला भात बाजूला काढून गाईसाठी ठेवत, त्यांनी उचललं. दुसरं केळीचं पान घेऊन त्यावर भात, वरण आणि मेथीची भाजी वाढली, पडवीच्या उंबऱ्याशी आल्या आणि दुरून ते काकूंपुढे सरकवलं. काकूंनी घाई केली नाही. आधी पानाभोवती पाणी फिरवलं, मग जेवायला सुरुवात केली. तेव्हा नुकतेच दहा वाजले होते.

तो नियम मग कायमचा झाला. त्या चार दिवसांचा कोपरा काकूंनी महिनाभरासाठी घेतला आणि कुणाला तो परत मागता आला नाही. स्नान त्या जेवल्यावर करत. उष्टी काढायला आणि चूल सारवायला एक बाई ठेवली गेली. ती आधी का ठेवली नव्हती, असं एका पाहुण्याने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. काकूंनी लुगड्याच्या कनवटीला गुळाचा खडा बांधायला सुरुवात केली. हात कापायला लागले की त्या बोलणं मध्येच थांबवून तो तोंडात टाकत आणि पुढचं वाक्य पूर्ण करत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, डॉक्टरांपेक्षाही जास्त.

आणि काका दर सोमवारी एक केळं आणि कपभर दूध घेऊन कोर्टाला जात. मागच्या पडवीतून भात कालवल्याचा आवाज येत असला की ते पगडी जरा लवकर चढवत. बाररूममध्ये कुणी विचारलं तर सांगत, "आठवड्यातून एक दिवस लंघन. खास माझ्या प्रकृतीला सांगितलं आहे." ऐकून दोघा वकिलांनी हुबळीला जाऊन तोच सल्ला मागितला. डॉक्टरांनी एकाला बुधवार दिला आणि दुसऱ्याला शनिवार.